हेडसेटमधले शहर: रोजच्या नागरी जगण्यातल्या भावना मोजताना

शहरात राहणाऱ्या माणसाच्या मनावर शहराचा परिणाम होतो, हे सांगायला शास्त्र लागत नाही. अडचण त्याच्या पुढे सुरू होते. परिणाम नेमका कशाचा? गर्दीचा, आवाजाचा, उंच इमारतींचा, अनोळखी नजरांचा, की घरी पोचायला उशीर होतोय या काळजीचा? रस्त्यावर ही सगळी कारणे एकाच वेळी अंगावर येतात आणि एकमेकांत इतकी मिसळलेली असतात, की त्यांतले एखादे बाजूला काढून तपासणे जवळपास अशक्य होते. प्रयोगशाळेत ती वेगळी करता येतात, पण प्रयोगशाळेत शहर नसते. गेल्या दशकभरात आभासी वास्तवाचे, म्हणजे व्हीआरचे, हेडसेट स्वस्त झाले आणि या कोंडीतून वाट निघाल्याचे अनेक संशोधकांना वाटू लागले. रस्ताच प्रयोगशाळेत आणायचा, त्यातली एकच गोष्ट बदलायची आणि माणसाच्या शरीरात व बोलण्यात काय फरक पडतो ते पाहायचे. या कामातून आज बरेच निष्कर्ष हाती आले आहेत आणि आक्षेपही तितकेच आले आहेत. दोन्हींचा आढावा घेताना मला असे दिसते की ‘आभासी शहर खऱ्या शहरासारखे आहे का?’ या एका प्रश्नाभोवती वाद गरजेपेक्षा जास्त फिरला. खऱ्या शहरातला कोणता फरक हेडसेटमध्ये टिकतो आणि कोणता गळून पडतो, हे प्रश्नागणिक बदलते. पुरावा तसा मांडला की पुष्कळ गोंधळ कमी होतो.

हेडसेटच्या आधी

शहर आणि मन यांच्या नात्याची आधुनिक चर्चा सहसा जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांच्या १९०३ च्या निबंधापासून सुरू होते. महानगरात मज्जातंतूंवर सतत नव्या संवेदनांचा मारा होतो, म्हणून शहरी माणूस स्वतःभोवती अलिप्ततेचे कवच चढवतो, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅनले मिल्ग्रम यांनी १९७० मध्ये हाच धागा पुढे नेला आणि शहरी जीवनाचे वर्णन ‘संवेदनांचा अतिभार’ असे केले. रस्त्यावरचे मोजमाप मात्र ठळकपणे आले ते नगररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांच्या कामातून. सॅन फ्रान्सिस्कोतले दिसायला सारखे, पण रहदारीत वेगळे असे तीन रस्ते त्यांनी निवडले. दिवसाला सुमारे २,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावरच्या रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र आणि ६.३ ओळखीची माणसे होती. सुमारे १६,००० वाहनांच्या रस्त्यावर हेच आकडे ०.९ आणि ३.१ वर आले होते. वाहनांच्या संख्येचा परिणाम फक्त कानांवर होत नाही, तो शेजारधर्मावरही होतो, हे यातून दिसले. या अभ्यासाकडे पुढे परत यावे लागेल, कारण हेडसेटच्या मर्यादेची चर्चा त्याच्याशिवाय पुरी होत नाही.

याच ॲपलयार्ड यांनी शहराची नक्कल करण्याचाही ध्यास घेतला होता. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकात त्यांनी मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक यांच्याबरोबर एक प्रयोगशाळा उभी केली. मरीन काउंटीतल्या एका भागाची छोटी प्रतिकृती तिथे मांडलेली होती आणि तिच्या इवल्याशा रस्त्यांतून यंत्राने चालणारा कॅमेरा फिरवला जाई. ती फिल्म पाहणाऱ्यांची मते आणि त्याच भागातून खरोखर गाडीने फिरून आलेल्यांची मते ताडून पाहिली, तेव्हा ती बऱ्याच अंशी जुळली. (त्या कॅमेऱ्यावर काम केलेले जॉन डायक्स्ट्रा यांनी पुढे तेच तंत्र ‘स्टार वॉर्स’च्या अंतराळयानांसाठी वापरले. नगररचनेने चित्रपटाला दिलेली ही देणगी नगररचनाकारांनाही फारशी ठाऊक नसते.) संगणकाने काढलेली चित्रे सर्रास होण्याआधीच ‘नकलेवरची प्रतिक्रिया खऱ्यावरच्या प्रतिक्रियेच्या जागी चालेल का?’ हा प्रश्न विचारून झाला होता आणि ‘बऱ्याच बाबतीत चालेल’ असे एक उत्तरही मिळाले होते.

तंत्रज्ञानाची धारा वेगळीकडून येत होती. मॉर्टन हायलिग यांच्या ‘सेन्सोरामा’ या यंत्राला १९६२ मध्ये पेटंट मिळाले. थरथरणारी खुर्ची, वारा आणि वास यांच्यासह न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची मोटरसायकल-सफर त्यात अनुभवता येई. डोक्यावर चढवायचा संगणकी पडदा आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये करून दाखवला. पण हे सगळे दीर्घकाळ मोजक्या प्रयोगशाळांपुरते राहिले. २०१२ मध्ये लोकवर्गणीतून ‘ऑक्युलस रिफ्ट’चा प्रकल्प उभा राहिला, २०१६ मध्ये ग्राहकांसाठीचे हेडसेट बाजारात आले, आणि मानसशास्त्राच्या साध्या विभागालाही हे साधन परवडू लागले.

प्रयोग घडतो कसा

आभासी शहर दोन पद्धतींनी तयार होते. पहिली पद्धत चारही बाजूंचे चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याने खरा रस्ता टिपण्याची. यात वास्तवाचा तपशील भरपूर मिळतो, पण प्रेक्षक कॅमेऱ्याच्या जागेला बांधलेला राहतो आणि दृश्यातले काही बदलता येत नाही. दुसरी पद्धत रस्ता संगणकावर बांधण्याची. इथे झाडे वाढवता येतात, दिवे मालवता येतात, दहा माणसांची शंभर करता येतात आणि सहभागी व्यक्ती स्वतः चालू शकते. मात्र चेहरे आणि हालचाली बाहुल्यांसारख्या वाटण्याचा धोका राहतो. संशोधक जितके नियंत्रण मागतो तितके वास्तव त्याच्या हातून सुटते, आणि आजचे बहुतेक प्रयोग या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी तडजोड करून उभे असतात.

प्रतिसाद मोजण्याचेही दोन मार्ग आहेत. एक सांगण्याचा: प्रश्नावली, पट्ट्यांवरचे गुण, नंतरची मुलाखत. १९८० मध्ये जेम्स रसेल यांनी भावनांची मांडणी सुखद-दुःखद आणि शांत-उत्तेजित अशा दोन अक्षांवर केली. आजही बहुतेक प्रश्नावल्या तिच्यावरच बेतलेल्या असतात. दुसरा मार्ग शरीराचा: घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता, हृदयाच्या ठोक्यांतला चढउतार, लाळेतले कॉर्टिसॉल, नजर कुठे किती वेळ थांबली याची नोंद. या दोन्हींच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते म्हणजे आपण पडद्यासमोर आहोत हे माहीत असूनही माणूस तिथे असल्यासारखा वागतो. मेल स्लेटर यांनी २००९ मध्ये या गृहीतकाचे दोन भाग केले. मी त्या ठिकाणी आहे असे वाटणे हा एक आणि समोर जे घडते आहे ते खरोखर घडते आहे असे वाटणे हा दुसरा. पहिला भाग चांगला हेडसेट बऱ्यापैकी साधून देतो. दुसरा साधायला दृश्याने माणसाच्या वागण्याची दखल घ्यावी लागते. आपण वाटेत उभे असताना समोरून येणारा माणूस बाजूला सरकला नाही, तर चित्र कितीही सुबक असो, तो रस्ता उरत नाही.

झाडे, आवाज आणि वास

सर्वाधिक काम झाले आहे ते शहरातल्या हिरवाईवर. त्याची प्रेरणा १९८४ सालची. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले, असे रॉजर उलरिच यांनी दाखवले. तेव्हापासून ‘निसर्ग पाहिल्याने ताण ओसरतो’ हे विधान पडद्यांवर आणि पुढे हेडसेटमध्ये पुन्हापुन्हा तपासले गेले आणि साधारणपणे टिकले. पण हेडसेटने त्यात घातलेली भर वेगळी आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात ३० पुरुषांना आधी आभासी परीक्षकांसमोर बोलायला लावून ताण दिला आणि मग काहींना आभासी जंगलात नेले. शरीर शांत होण्याची स्पष्ट खूण दिसली ती जंगलाबरोबर त्याचे आवाजही ऐकलेल्यांत. मुक्या जंगलात ती दिसली नाही. २०१९ मध्ये स्वीडनमध्येच १५४ जणांवर झालेल्या प्रयोगात सौम्य विजेच्या झटक्यांनी ताण दिल्यावर लोकांना शहरी परिसर, उद्यान किंवा जंगल यांपैकी एक दृश्य त्याच्या आवाजांसह आणि वासांसह दाखवले. उद्यान आणि जंगल यांनी ताण उतरवला, शहराने नाही, हे अपेक्षितच होते. लक्षवेधी गोष्ट अशी की ताण उतरण्याशी दृश्यापेक्षा वासाचा संबंध अधिक घट्ट निघाला. ज्या साधनाची सगळी प्रगती डोळ्यांसाठी झाली, त्याच साधनाने डोळ्यांचे महत्त्व कमी असू शकते असे सुचवावे, यात एक गंमत आहे. हेडसेटच्या बाजूने सांगण्यासारखी ही भक्कम गोष्ट आहे, कारण खऱ्या जंगलातून वास वजा करता येत नाही.

मग आभासी उद्यान खऱ्या उद्यानाची जागा घेईल का? २०२० मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांवर झालेल्या तुलनेत काही मिनिटे प्रत्यक्ष झाडीत बसलेल्यांचा उत्साह वाढला, हेडसेटमधून तीच झाडी पाहिलेल्यांचा होता तिथेच राहिला, आणि कोऱ्या खोलीत बसलेल्यांचा घसरला. ‘हेडसेटने काहीच होत नाही’ म्हणणारेही यात हरतात आणि ‘हेडसेट पुरेसा आहे’ म्हणणारेही.

अनोळखी माणसे

झाडांपेक्षा अवघड आणि माझ्या मते अधिक फलदायी विषय आहे तो अनोळखी माणसांचा. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये डॅनियल फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सर्वसामान्य लोकांतून घेतलेल्या २०० जणांना भुयारी रेल्वेच्या आभासी डब्यातून चार मिनिटांचा प्रवास घडवला. डब्यातले प्रवासी मुद्दाम तटस्थ ठेवले होते. ते श्वास घेत, इकडेतिकडे पाहत, पण कुणाशी वाकडे वागत नव्हते. तरी सुमारे ४० टक्के सहभागींच्या मनात त्या प्रवाशांबद्दल निदान एक तरी संशयाचा विचार येऊन गेला. इतरांना तेच प्रवासी साधे किंवा चक्क मैत्रीपूर्ण वाटले. खऱ्या डब्यात हा प्रयोग निरर्थक ठरला असता. तिथे कुणी संशय घेतला, तर समोरचा खरोखरच टक लावून पाहत होता की काय, हे कधीच ठरत नाही. इथे प्रवासी सगळ्यांसाठी हुबेहूब तेच होते, म्हणून फरक पाहणाऱ्याच्या मनातूनच आला असे म्हणता येते. मिसळलेली कारणे वेगळी काढण्याचे जे आश्वासन या साधनाने दिले होते, ते इथे पुरे झालेले दिसते.

पुढे या धाग्याची उपचारपद्धती झाली. ‘गेमचेंज’ या नावाच्या चाचणीत इंग्लंडमधल्या ३४६ मनोविकारग्रस्तांपैकी सुमारे निम्म्यांना बस, कॅफे, दुकान, रस्ता, दवाखान्याची प्रतीक्षा-खोली अशा आभासी ठिकाणी थोडी थोडी धीट पावले टाकायला शिकवले गेले. मार्गदर्शकही आभासीच होता. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनंतर बाहेर जाणे टाळण्याची वृत्ती आणि त्यामागची अस्वस्थता नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा कमी झाली होती, आणि सर्वाधिक फायदा ज्यांचा त्रास तीव्र होता त्यांना झाला होता. आभासी शहराच्या खरेपणाचा हा वेगळ्या जातीचा पुरावा आहे. तिथे कमावलेले धैर्य खऱ्या रस्त्यावर खर्च करता येत असेल, तर दोन्हींत काही तरी समान असलेच पाहिजे. अर्थात भीती ही झटपट उसळणारी भावना आहे. कंटाळा, एकटेपणा, मोहल्ल्याबद्दलचा जिव्हाळा यांच्याबद्दल या पुराव्यावरून काही बोलता येत नाही.

आक्षेप

पहिला आक्षेप इंद्रियांचा. हेडसेटमध्ये अंतरे कमी भासतात. २०१३ मध्ये अनेक अभ्यासांची गोळाबेरीज झाली, तेव्हा लोकांचे अंदाज सरासरीने प्रत्यक्ष अंतराच्या सुमारे ७४ टक्के निघाले होते. नव्या यंत्रांत हा दोष कमी झाला आहे, गेलेला नाही. ‘रस्ता कोंदट वाटतो का?’ हे विचारणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. शिवाय काहींना मळमळते. २०१७ मध्ये एका अमेरिकी गटाला हा त्रास स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक होताना दिसला. २०२० मध्ये दुसऱ्या गटाने कारण सुचवले: हेडसेटच्या भिंगांमधले अंतर अनेक स्त्रियांच्या डोळ्यांमधल्या अंतराशी जुळत नाही, ते जुळवले की तफावत पुसट होते. दोष दुरुस्त होण्यासारखा आहे. पण तोवर झालेल्या प्रयोगांत ‘स्त्रियांना या रस्त्यावर अधिक अस्वस्थ वाटले’ असा निष्कर्ष असेल, तर ती अस्वस्थता रस्त्याची होती की भिंगांची, हे पुन्हा पाहावे लागेल.

दुसरा आक्षेप मोजमापाचा आहे आणि तो फक्त हेडसेटला लागू नाही. त्वचेची विद्युतवाहकता वाढली, म्हणजे शरीर सावध झाले, एवढेच कळते. ते आनंदाने की धास्तीने, हे ती सांगत नाही. लिसा फेल्डमन बॅरेट यांच्यासारखे संशोधक याच्याही पुढे जातात. त्यांच्या मते प्रत्येक भावनेची शरीरात ठरलेली खूण नसतेच. शरीरातल्या खळबळीला मेंदू प्रसंग आणि पूर्वानुभव पाहून अर्थ देतो आणि भावना त्या अर्थातून घडते. पॉल एकमन यांच्या परंपरेतले अभ्यासक मूलभूत भावनांच्या सार्वत्रिक खुणा मानतात. हा वाद मिटलेला नाही. बॅरेट यांची बाजू खरी असेल, तर ‘या चौकात तणाव, त्या गल्लीत आनंद’ अशा रंगीत नकाशांचा पाया पुष्कळ ठिसूळ होतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो अर्थाचा आहे. प्रयागच्या माघ मेळ्यावर काम करणाऱ्या भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या गटाने २०१३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना तोच गोंगाट ऐकवला. काहींना सांगितले की हा मेळ्याचा आहे, काहींना सांगितले की हा शहरातल्या रस्त्याचा आहे. मेळ्याचा समजून ऐकणाऱ्यांना तो अधिक सुखद वाटला आणि त्यांनी तो अधिक वेळ ऐकला. आपल्याकडे मिरवणुकीतला ढोलताशा आणि रात्री अकराला खिडकीखाली चाललेला जनरेटर यांच्याबद्दल तक्रार करणारे आणि न करणारे शेजारी एकाच इमारतीत का असतात, याचे उत्तर इथे आहे. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. कायद्याला आकडा लागतो आणि तो हवाच, कारण कानाचे नुकसान श्रद्धा पाहून होत नाही. मन मात्र आकड्यावर चालत नाही. हेडसेट आवाज जसाच्या तसा देऊ शकतो, आपलेपणा देऊ शकत नाही.

याच आक्षेपाची दुसरी बाजू प्रयोजनाची. रोजच्या शहरात माणूस कशासाठी तरी निघालेला असतो: गाडी गाठायची असते, मुलाला शाळेतून आणायचे असते, हप्ता भरायची शेवटची तारीख असते. आभासी रस्त्यावर चालणाऱ्याला कुठेच पोचायचे नसते. सवयही नसते. वीस वर्षे ज्या चौकातून आपण जातो तो आपल्याला दिसेनासा झालेला असतो, आणि प्रयोगात मात्र त्याच्याकडे पाहायलाच सांगितलेले असते. ॲपलयार्ड यांचा निष्कर्ष इथे आठवावा. १६,००० वाहनांच्या रस्त्यावर मित्र कमी होतात, ही गोष्ट घडायला वर्षे लागतात. चार मिनिटांच्या प्रवासात वाहनांचा त्रास मोजता येईल, तुटलेला शेजार मोजता येणार नाही.

उत्तरे काय दिली जातात

समर्थकांचे सर्वांत पक्के उत्तर वाहन चालवण्याच्या सिम्युलेटरांवरच्या जुन्या कामातून आलेले आहे. जी. जे. ब्लाव यांनी १९८२ मध्ये दोन प्रकारच्या खरेपणात भेद केला. सिम्युलेटरमधला आकडा रस्त्यावरच्या आकड्याइतकाच येणे हा एक. आकडे वेगळे असले तरी दोन परिस्थितींतला फरक त्याच दिशेने दिसणे हा दुसरा. नगररचनाकाराला बहुधा दुसराच पुरतो. पदपथावर झाडे लावल्यावर ताण किती एकक घटेल हे नेमके कळले नाही तरी चालते, झाडे लावावीत की दिवे, यांतले अधिक परिणामकारक काय हे कळले तर काम होते. शिवाय अजून न बांधलेला रस्ता तपासायचा दुसरा मार्ग कोणता? कागदावरचा आराखडा आणि रंगवलेले चित्र यांच्याशी तुलना केली, तर हेडसेट निश्चितच प्रामाणिक आहे. हे उत्तर मला पटते, पण एका अटीवर: फरकाची दिशा टिकते हे प्रत्येक प्रश्नासाठी खऱ्या रस्त्यावर एकदा तरी ताडून घेतलेले असावे. झाडांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी झाले आहे. गर्दी, अंधार, असुरक्षितता यांच्या बाबतीत फार थोडे.

ताडून घेण्याचे साधन म्हणून रस्त्यावरचे अभ्यास आता महत्त्वाचे ठरत आहेत. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचे कॉलिन एलार्ड यांनी २०११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोकांना मनगटी संवेदक बांधून फिरवले. एका मोठ्या दुकानाच्या लांबलचक कोऱ्या दर्शनी भिंतीपाशी लोक मरगळले, तर जवळच्याच छोट्या दुकानांच्या आणि खाणावळींच्या रस्त्यावर खुलले. पुढे बर्लिनमध्ये, आणि भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशी जोडलेल्या उपक्रमाच्या निमित्ताने मुंबईतही, त्यांनी अशा फेऱ्या घेतल्या. हेच एलार्ड आपल्या प्रयोगशाळेत व्हीआरही वापरतात, म्हणजे दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे आहेत. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेने २०२२ मध्ये ६३ जणांपैकी काहींना जंगलात आणि काहींना गजबजलेल्या बाजारपेठेच्या रस्त्यावर तासभर चालवले आणि आधी व नंतर मेंदूचे चित्रण केले. ताणाशी निगडित असलेल्या अमिग्डलाची सक्रियता जंगलानंतर घटली, पण शहरी फेरीने ती वाढली नाही, होती तशीच राहिली. शहर ताण देते असे म्हणण्यापेक्षा शहरात तो उतरत नाही असे म्हणणे या पुराव्याशी अधिक जुळते. तिसरी वाट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने धरली आहे. डॅगेनम इथल्या त्यांच्या भव्य प्रयोगशाळेत रेल्वेचा फलाट किंवा रस्त्याचा तुकडा पूर्ण आकारात उभारून त्यात खरी माणसे चालवता येतात. खर्च सोडला तर या वाटेत फारशी खोट काढण्यासारखी नाही, पण खर्च सोडता येत नाही.

आपल्या शहरांपुढचे प्रश्न

जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की मानसशास्त्राचे बहुतेक निष्कर्ष श्रीमंत, शिक्षित पाश्चात्त्य समाजांतल्या लोकांवर, त्यातही विद्यार्थ्यांवर, उभे आहेत. आभासी शहरांच्या बाबतीत ही त्रुटी दुहेरी होते: पाहणारे तिकडचे आणि शहरही तिकडचे. उपनगरी रेल्वेच्या कमाल गर्दीत चौरस मीटरला १४ ते १६ प्रवासी असतात, असे मुंबईत सांगितले जाते. ही गर्दी बघायची नसते, ती अंगावर घ्यायची असते. समोरच्याचा खांदा सोडून काही दिसतही नाही. उष्णता, घाम आणि रेटा वजा केलेली लोकल हेडसेटमध्ये दाखवली, तर ती कशाचे मापन करेल हा खरा प्रश्न आहे. बॅरी रूबॅक आणि जनक पांडे यांनी उष्णता आणि दाटीवाटी यांचा परिणाम तपासायला १९९२ मध्ये भारतातल्या तीनचाकी टेम्पोंतले खरे प्रवासी निवडले होते. इतक्या वर्षांनंतरही त्या पद्धतीला पर्याय मिळाला आहे, असे म्हणवत नाही.

याउलट काही प्रश्न आपल्याकडे हेडसेटनेच विचारण्यासारखे आहेत. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकात मुंबईतल्या सार्वजनिक जागांचा अभ्यास मांडला. स्त्रीला रस्त्यावर थांबायचे असेल तर काही तरी कामासाठी थांबल्याचे दाखवावे लागते, हे त्यांनी निरीक्षणांतून आणि मुलाखतींतून पुढे आणले. कोणत्या प्रकाशात, किती माणसांत, कोणती दुकाने उघडी असताना स्त्रीला नुसते उभे राहणे सोपे जाते, याचे उत्तर अंधाऱ्या खऱ्या गल्लीत सहभागींना उभे करून शोधणे नैतिकदृष्ट्या चालणार नाही. आभासी गल्लीत ते शोधता येईल. अर्थात तिथे खरा धोका नाही हे ठाऊक असल्याने अस्वस्थता कमीच मोजली जाईल, पण दिव्यांच्या दोन रचनांतला फरक टिकावा. प्रयोजनाचा आक्षेप इथे उलटा वापरता येतो. विनाकारण थांबणे हाच अभ्यासाचा विषय असेल, तर सहभागीला काही काम नसणे ही उणीव राहत नाही.

न सुटलेले

कालावधीचा प्रश्न खुला आहे. बहुतेक प्रयोग मिनिटांचे आहेत आणि शहराचा परिणाम वर्षांचा. २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जर्मन अभ्यासाने सुचवले की सामाजिक ताण हाताळताना सध्या शहरात राहणाऱ्यांच्या आणि शहरात वाढलेल्यांच्या मेंदूंत वेगवेगळे भाग वेगळे वागतात. म्हणजे हेडसेट चढवणारी व्यक्ती आधीच एका शहराने घडवलेली असते. प्रयोगांत सहभागींचे बालपण कुठे गेले हे सरसकट नोंदवले जात नाही, आणि ते नोंदवायला काही खर्चही येत नाही.

दुसरा खुला प्रश्न नोंदींच्या मालकीचा. हेडसेट डोके आणि हात कसे हलतात हे सतत टिपतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये ५११ जणांच्या गटातून पाच मिनिटांहून कमी काळाच्या नोंदींवरून सुमारे ९५ टक्के अचूकतेने व्यक्ती ओळखून दाखवली. २०२३ मध्ये दुसऱ्या गटाने ५५,००० हून अधिक खेळाडूंमध्ये जवळपास तशीच कामगिरी केली. नाव काढून टाकले म्हणजे नोंद निनावी झाली, ही संशोधनातली जुनी समजूत इथे चालत नाही. त्यातच या नोंदी भीती, लाज, संशय यांच्या असतात. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्ग नाही, आणि एखाद्या व्यक्तीबाबत निर्णय घेण्यासाठी वापर होणार नसेल तर संशोधनाला ठरावीक मानकांच्या अधीन राहून सूट आहे. ती सूट विद्यापीठाला उपयोगी पडेल. पण यंत्र आणि त्याची प्रणाली सहसा विद्यापीठाच्या हातात नसते, एका कंपनीच्या हातात असते. सहभागी व्यक्ती ज्या संमतिपत्रावर सही करते त्यात त्या कंपनीचे नाव कुठे आणि कोणत्या शब्दांत यावे, हे संशोधन-नीती समित्यांना अजून ठरवायचे आहे.